पुरेशा प्रकाशाचा प्रश्न

बृहदारण्यकोपनिषदाच्या चौथ्या अध्यायात विदेहाधिपती जनक याज्ञवल्क्यास असा प्रश्न करतो की, हा पुरुष कोणत्या ज्योतीच्या आधारे वावरतो. आणि याज्ञवल्क्य प्रथम सूर्याचे नाव घेतो. सूर्य मावळल्यावर कोणती, असे राजा पुन्हा विचारतो, तेव्हा चंद्र. चंद्रही मावळल्यावर अग्नी. अग्नी विझल्यावर वाणी. आणि वाणीही शांत झाल्यावर आत्मा, असा तो संवाद पायरीपायरीने आत उतरत जातो. भाष्यकारांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या आपण सर्व वाचकांनी ह्या संवादाच्या शेवटच्या पायरीचेच चिंतन केले, आणि ते स्वाभाविकही होते, कारण उपनिषदाचे प्रयोजन तेथेच आहे. परंतु मला अलीकडे पहिल्या पायरीनेच अधिक अडवून धरले आहे. जनकाच्या प्रश्नातील सूर्य आपल्या नियमाने मावळतो. त्याला कोणी मावळविलेले नसते. एखाद्या जीवाचा सूर्य दुसऱ्याच कोणी, आपल्या हौसेखातर किंवा सोयीखातर, त्याच्या आयुष्यातून काढून घेतला असेल, तर त्या जीवाने कोणत्या ज्योतीच्या आधारे राहावे, आणि ती ज्योती पुरेशी आहे की नाही ह्याचा निवाडा कोणी करावा, हे त्या संवादात विचारलेले नाही. विचारण्याचे कारणही त्या काळी नव्हते.

हा प्रश्न माझ्यापुढे ज्या निमित्ताने आला ते निमित्त पुष्कळांस क्षुल्लक वाटेल. माझा एक भाचा बरीच वर्षे अमेरिकेत स्थायिक आहे. सुटीत स्वदेशी आला की तो शिर्डीस जाऊन येतो, आणि शक्य असेल तेव्हा मी त्याच्याबरोबर जातो. त्याच्या तिकडच्या घरी खाऱ्या पाण्याची एक मोठी काचेची पेटी आहे, तीत प्रवाळ आहेत, आणि त्या प्रवाळांच्या सोबतीला संवर्धनगृहात वाढविलेला एक मोठ्या जातीचा शिंपला आणावा असे त्याच्या मनात घोळत होते. साईबाबांच्या द्वारकामाई मशिदीतून बाहेर पडल्यावर, तेथल्या धुनीची उदी कागदात बांधता बांधता, तो म्हणाला, "मामा, दुकानदार म्हणतो की पेटी डोळ्यांना लख्ख दिसली म्हणजे दिवा पुरेसा आहे. पण मी वाचतो ते निराळे आहे. शिंपल्याला किती उजेड द्यायचा, हे मी कोणाला विचारायचे?" मी धर्मशास्त्राचा आणि दर्शनांचा वाचक, जलजीवांच्या पालनाविषयी मला काय ठाऊक असणार! तथापि 'कोणाला विचारायचे' हा प्रश्नाचा जो उत्तरार्ध त्याने सहजगत्या उच्चारला, तो माझ्या इलाख्यातला होता.

प्रथम त्या प्राण्याचा वृत्तान्त सांगणे अवश्य आहे, कारण तो वृत्तान्त समजल्यावाचून पुढील विचाराला आधार राहणार नाही. कोकणच्या खाड्यांतून आपली माणसे ज्या तिसऱ्या, शिवल्या नि खुबे वेचतात, त्यांच्याच दूरच्या भावकीतला हा शिंपला. शास्त्रज्ञ त्याच्या कुळाला ट्रायडॅक्ना म्हणतात. हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उष्ण, स्वच्छ, उथळ पाण्यात, प्रवाळभित्तींच्या आश्रयाने तो राहतो. त्याच्या सर्वांत मोठ्या जातीचा शिंपला एक मीटरहून अधिक लांब आणि दोनशे किलोहून अधिक वजनाचा होतो. लहान जाती मात्र माणसाच्या तळहातात मावतील एवढ्याच राहतात. आपल्या तिसऱ्या चिखलात गडप होऊन पाणी गाळतात आणि त्यातील सूक्ष्म अन्नावर निर्वाह करतात. हाही पाणी गाळतो. परंतु त्याच्या उपजीविकेचा मुख्य भाग निराळ्याच मार्गाने येतो. दोन शिंपांच्या मधून तो आपल्या मांसाचा एक जाड, नक्षीदार, निळा, हिरवा, जांभळा वा सोनेरी पदर बाहेर पसरतो, ज्याला प्राणिशास्त्रात प्रावार म्हणतात, आणि त्या प्रावारात कोट्यवधी एकपेशीय शैवाल वस्तीला असते. सूर्यप्रकाश पिऊन हे शैवाल शर्करा निर्माण करते आणि तिचा मोठा वाटा यजमानास देते. यजमान त्याच्या मोबदल्यात निवारा देतो आणि स्वतःच्या शरीरातील त्याज्य द्रव्ये खत म्हणून पुरवितो.

ह्यातील विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे शैवाल त्यास जन्माने मिळत नाही. मातापित्यांच्या बीजातून ते उतरत नाही. अंड्यातून बाहेर पडलेला सूक्ष्म डिंभ समुद्रात तरंगत असता ते बाहेरून मुखावाटे ग्रहण करतो, आणि मग पोटातून निघालेल्या बारीक नलिकांच्या जाळ्यात ते जाऊन स्थिरावते. ज्या डिंभाला ते लाभत नाही तो जगत नाही. सर सी. एम. यंग ह्यांच्या नेतृत्वाखाली 1928–29 साली ऑस्ट्रेलियाच्या महाप्रवाळभित्तीवर गेलेल्या मोहिमेने ह्या सहजीवनाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष पद्धतशीरपणे वेधले. पुढे 2014 साली पलाऊच्या समुद्रातील शिंपल्यांवर झालेले एक संशोधन प्रसिद्ध झाले, आणि त्यात जे आढळले ते मला अत्यंत चिंतनीय वाटते. प्रावाराच्या पृष्ठभागाखाली चकाकणाऱ्या पेशींचा एक थर असतो. शैवाल त्याच्या खाली प्रकाशाच्या दिशेला समांतर अशा उभ्या स्तंभांत रचलेले असते. वरच्या पेशी येणाऱ्या प्रखर प्रकाशाला विखरून त्या स्तंभांच्या बाजूंवर सौम्यपणे पसरवितात, ज्यामुळे माथ्यावरचे शैवाल भाजून निघत नाही आणि तळचे उपाशी राहत नाही. आणि ज्या तरंगलांबींचा शैवालास उपयोग नाही त्यांपैकी बराचसा प्रकाश त्याच पेशी मागे परतवितात. पाहणारा ज्या रंगांवर लुब्ध होतो, त्यांत त्या प्राण्याने अनावश्यक म्हणून नाकारलेल्या प्रकाशाचा मोठा वाटा असतो. त्याने जे घेतले ते आपणांस दिसत नाही.

दुकानदाराचा सल्ला ह्या ठिकाणी कोसळतो. मानवी नेत्र हा हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील आहे. सुमारे 555 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्यास सर्वांत उज्ज्वल भासतो, आणि ज्यास आपण लक्स म्हणतो ते प्रकाशाचे रूढ माप मुळात ह्याच नेत्राच्या पसंतीने मुक्रर केलेले आहे. शैवालाची भूक निराळी: त्यास निळा प्रकाश मुख्यत्वे लागतो, आणि समुद्रातही तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जाऊन खोल पाण्यात निळाच काय तो पोचतो. त्यामुळे जी पेटी आपल्या डोळ्यांना दिपवून टाकते तिच्यात शिंपला उपाशी असू शकतो, आणि जी आपल्याला निळसर, किंचित काळोखी वाटते तिच्यात तो सुखाने वाढत असू शकतो. म्हणून जाणते पालक लक्सचा भरवसा धरीत नाहीत. 400 ते 700 नॅनोमीटर ह्या मर्यादेत प्रकाशसंश्लेषणास उपयोगी पडणारे प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती पडतात हे ते एका स्वतंत्र उपकरणाने मोजतात. भर दुपारी उष्ण कटिबंधात पाण्याच्या पृष्ठभागावर हा आकडा 2000 मायक्रोमोलच्या आसपास जातो. केवळ माशांसाठी लावलेल्या साध्या दिव्याखाली तो बहुधा 50 च्या आतबाहेरच असतो. आणि ह्या शिंपल्यांना मात्र, सामान्यतः, 200 च्या खाली ठेवणे धोक्याचे समजले जाते. मॅक्सिमा आणि क्रोसिया ह्या उथळ पाण्यातल्या जातींना त्याहूनही पुष्कळ अधिक लागते. डेरासा आणि स्क्वामोसा ह्या जाती थोड्या कमी प्रकाशावरही निभावून नेतात. आणि हे माप घ्यावयाचे ते पृष्ठभागावर वा काचेजवळ नव्हे. शिंपला प्रत्यक्ष जेथे बसणार त्या दगडावर वा वाळूवर घ्यावयाचे, कारण पाण्याची प्रत्येक वीत प्रकाशावर आपला कर वसूल करते.

सार्वजनिक मत्स्यालयांची मांडणी आठवून पाहावी. मुंबईस मरीन ड्राइव्हवर 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते उघडले गेलेले तारापोरवाला मत्स्यालय आपल्यापैकी अनेकांनी बालपणी पाहिले आहे. अशा स्थळी दालन अंधारे ठेवून पेट्या प्रकाशित करण्याची जी रीत आहे ती पाहणाऱ्याच्या दृष्टीने सर्वथा योग्य आहे, आणि जे मासे प्रकाशावर पोट भरीत नाहीत त्यांच्या बाबतीत तीत काही बिघडतही नाही. बिघडते ते, तीच दृष्टी प्रकाशभोजी प्राण्याला लावली जाते तेव्हा. तेथे दिवा हा देखाव्याचा भाग राहत नाही. तो अन्न होतो. आणि उपाशी शिंपला ओरडत नाही, तडफडत नाही. त्याचा प्रावार आठवड्यांमागून आठवडे थोडा थोडा आखडत जातो, रंग फिका पडतो, शिंपांच्या कडेला नव्या वाढीची जी स्वच्छ पांढरी रेघ दिसावयास हवी ती दिसेनाशी होते, आणि कित्येक महिन्यांनी एके दिवशी तो मृत आढळतो. तोपर्यंत पेटी लख्खच दिसत असते.

येथवर शास्त्र झाले. भाच्याशी बोलताना मात्र मला दर्शनशास्त्रातील एक जुना वाद आठवला, आणि त्या वादाची ह्या प्रकरणी जी गत होते ती मला सांगावयाची आहे. जगात कोणी सुखी, कोणी दुःखी. कोणी अल्पायुषी, कोणी दीर्घायुषी. तेव्हा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही काय, हा आक्षेप ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात विचारात घेतला आहे. शंकराचार्य त्याचे उत्तर पर्जन्याच्या दृष्टान्ताने देतात: पाऊस हा साळी आणि जव ह्या दोहोंच्या उत्पत्तीचे साधारण कारण आहे, त्यांच्यात जो भेद पडतो तो बीजाबीजांतील सामर्थ्यामुळे पडतो, पावसामुळे नव्हे. म्हणजे दाता सम आहे, वैषम्य घेणाऱ्याच्या कर्मात आणि पात्रतेत आहे. सूर्याविषयीही आपली परंपरा हेच म्हणत आली: प्रकाश सर्वत्र एकच, परंतु सूर्यकांत मणी पेटतो आणि शेजारचा दगड नुसता तापतो.

ह्या दृष्टान्ताचे आधुनिक उदाहरण खुद्द शिर्डीतच उभे आहे. श्रीसाईबाबा संस्थानच्या प्रसादालयाच्या गच्चीवर 2009 साली सौर वाफेवर चालणारी जी स्वयंपाकव्यवस्था कार्यान्वित झाली तीत 73 परवलयाकार तबकड्या बसविल्या आहेत, प्रत्येकीचे क्षेत्रफळ 16 चौरस मीटर. त्या सूर्याच्या मागोमाग फिरतात, त्याचे किरण एका बिंदूवर एकवटतात, पाण्याची वाफ करतात, आणि त्या वाफेवर सहस्रावधी यात्रेकरूंचा भात-वरण शिजतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या त्या रखरखीत पठारावर तोच सूर्य शेजारच्या धर्मशाळेच्या पत्र्यावरही पडत असतो आणि पत्रा केवळ तापवून जातो. सूर्याने पत्र्याशी काही दुजाभाव केलेला नसतो.

भाच्याने नेमके हेच मला ऐकविले. "मग मामा, मी माझा दिवा लावला, तो सगळ्यांवर सारखा पडतो, प्रवाळ वाढतात, शिंपला वाढला नाही तर ती त्याची पात्रता." ह्या तर्कात एक छिद्र आहे, आणि मला वाटते की दया, दान, शिक्षण, राज्यकारभार अशा अनेक क्षेत्रांत हेच छिद्र आपण तसेच राहू देतो. ईश्वरास किंवा सूर्यास समदर्शित्वाचा अधिकार आहे, कारण त्यांनी कोणासही कोंडलेले नाही. सूर्याच्या प्रकाशात जो शिंपला वाढू शकत नाही तो उथळ पाण्यातून खोल पाण्यात, सावलीतून उजेडात, निदान पुढल्या पिढीच्या डिंभाच्या रूपाने तरी, अन्यत्र स्थिर होऊ शकतो. समुद्र त्याला निवडीची जागा देतो. काचेच्या पेटीत ती जागा नाही. पेटी बांधणाऱ्याने त्या जीवाला सूर्यापासून तोडले, आणि तोडताना सूर्याचा जिम्मा आपल्या शिरावर घेतला. परंतु सूर्याची तटस्थता मात्र त्यास घेता येत नाही. जो पर्याय काढून घेतो त्याने घेणाऱ्याची गरज जाणून घेतलीच पाहिजे, एरवी त्याचा समभाव हा पक्षपाताहून वाईट ठरतो, कारण पक्षपाती निदान कोणाकडे तरी पाहतो. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र ह्यांचा विचार लावला आहे, तो मला ह्या संदर्भात आता पूर्वीहून अधिक काटेकोर वाटतो. पात्र पाहावयाचे ते घेणारा लायक आहे की नाही हे ठरविण्यापुरते, असा त्याचा अर्थ आपण बहुधा करतो. परंतु त्या पात्रात काय मावते, काय पचते आणि काय सांडते, ही चौकशीही त्यातच आली, आणि ती चौकशी करण्याचा भार सर्वस्वी देणाऱ्यावर आहे.

शिर्डीत उभे राहून दिव्यांविषयी बोलावयाचे आणि बाबांच्या दिव्यांविषयी बोलावयाचे नाही, हे होणे नाही. गोविंदराव दाभोळकरांनी, ज्यांस हेमाडपंत म्हणतात, ओवीबद्ध रचलेल्या चरित्रात ती कथा सर्वश्रुत आहे: बाबांना दिव्यांचा छंद, गावातल्या वाण्यांकडून तेल मागून आणावयाचे आणि मशिदीत पणत्यांची आरास रात्रभर तेवत ठेवावयाची. एके दिवशी वाण्यांनी संगनमताने तेल नाकारले, तेव्हा बाबांनी टमरेलात उरलेल्या थेंबभर तेलात पाणी घालून ते प्राशन केले आणि मग नुसत्या पाण्यावर पणत्या लाविल्या, त्या रात्रभर जळल्या. भक्त ह्या कथेतील चमत्कार सांगतात, आणि त्यांच्या श्रद्धेपुढे मी माझी शंका मांडीत नाही. माझे लक्ष त्या चमत्कारापूर्वीच्या रोजच्या गोष्टीकडे जाते: ज्या मनुष्याच्या संग्रही काही नव्हते, जो स्वतःच्या अन्नासाठी पाच घरी झोळी फिरवी, तो दिव्याच्या तेलासाठीही नित्य दारोदार जात असे. दिवा लावणे हे त्याच्या लेखी एकदा केलेले पुण्यकृत्य नव्हते. ते दररोज सायंकाळी नव्याने भागवावे लागणारे देणे होते.

ह्याहून कमी सांगितली जाणारी एक हकीकत लेंडीबागेतील नंदादीपाची आहे. लिंब आणि पिंपळ ह्यांच्यामधल्या खळग्यात तो दिवा असे, आणि त्याची निगा नांदेडहून आलेल्या अब्दुलबाबांकडे होती. बाबा त्या दिव्यापाशी जाऊन बसत. परंतु अब्दुलबाबांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, ते दिव्याच्या मागे अशा ठिकाणी बसत की तेथून तो त्यांना दिसत नसे. दिव्याकडे टक लावून बसलेले बाबा अब्दुलबाबांनी कधी पाहिले नाहीत. ह्या वर्तनाचे गूढार्थ लावणारे पुष्कळ आहेत. मला त्यातून जो साधा अर्थ हाती लागतो तो एवढाच, की तो दिवा बाबांच्या डोळ्यांकरिता नव्हता. जो दिवा आपल्याला दिसत नाही त्याचीही वात कोणी सारावी, तेल कोणी घालावे, वारा कसा अडवावा ह्याची तजवीज ते करीत राहिले. पेटीपुढे आरामखुर्ची टाकून बसणाऱ्या पालकापुढे हा दाखला मी ठेवीन, आणि तो त्यास कठोर वाटला तरी मागे घेणार नाही.

आणि ह्या पुरुषाने माणसांना जे दिले तेही कधी सरसकट दिले नाही. मुंबईचे नामांकित सॉलिसिटर हरि सीताराम दीक्षित, ज्यांना शिर्डीत काकासाहेब म्हणत, त्यांच्याकडून एकनाथी भागवत आणि भावार्थरामायण ह्यांचे नित्यवाचन करवून घेतले. माधवराव देशपांड्यांना, त्यांच्या मनाची फारशी तयारी नसताही, विष्णुसहस्रनामाची पोथी हाती दिली आणि रोज एखादे तरी नाम वाचण्याची मोकळीक ठेवली. आणि गुरुमंत्र मिळाल्याशिवाय अन्न घेणार नाही असा निर्धार करून बसलेल्या राधाबाई देशमुख ह्या वृद्धेला मंत्र मुळीच दिला नाही, तर आपल्या गुरूने आपल्यापाशी निष्ठा आणि सबुरी एवढेच मागितले होते हे सांगून तिला जेवावयास लाविले. मंत्र थोर आहे म्हणून तो सर्वांना द्यावा, हा हिशेब त्यांनी केला नाही. अधिकारभेदाचे हे तत्त्व आपल्या समाजात पुढे उच्चनीचतेचे समर्थन करण्यासाठी वापरले गेले, आणि त्या गैरवापराचा निषेध केल्यावाचून मी त्याचा उल्लेख करू इच्छीत नाही; कारण वरच्याने खालच्याला काय नाकारावे हे ठरविण्यासाठी ते तत्त्व नाही. देणाऱ्याने अभ्यास करावा, हा त्याचा मूळ गाभा आहे.

ह्या अभ्यासात आधिक्याचाही विचार येतो, आणि उदार मनाच्या माणसांना तो विशेष अवघड जातो. मंद दिव्याखाली वाढलेला शिंपला एकाएकी प्रखर दिव्याखाली आणून ठेवला तर त्याच्या शैवालावर त्याला न पेलणारा भार पडतो, ऊतींत अपायकारक द्रव्ये साचतात, आणि यजमान आपल्याच पोशिंद्यांना बाहेर टाकू लागतो. त्याचा प्रावार पांढरा पडतो. म्हणून अनुभवी पालक नवा शिंपला प्रथम तळाशी ठेवतात आणि काही आठवड्यांच्या अवधीत त्यास पायरीपायरीने वर नेतात, किंवा दिव्याचा जोर थोडाथोडा वाढवीत नेतात. दिवसाचे तास मर्यादित ठेवतात. रात्र ही त्या जीवाची गरज आहे आणि चोवीस तास प्रकाश देणारा त्याच्यावर उपकार करीत नाही. पूर्वी ह्यासाठी मेटल हॅलाइडचे प्रखर, तापणारे दिवे वापरीत. आता एलईडीने ते काम पुष्कळ सोपे केले आहे, कारण त्यांत निळ्या आणि पांढऱ्या प्रकाशाचे प्रमाण स्वतंत्रपणे कमीजास्त करता येते. परंतु त्या दिव्यांचा झोत अरुंद असल्यामुळे पेटीच्या मध्यावर 400 आणि वीतभर अंतरावर 100 असा तफावतीचा प्रकार सहज घडतो. एका ठिकाणी मोजून सर्व पेटीचा निकाल देता येत नाही.

कोणी म्हणेल, मेंदू नसलेल्या एका मृदुकाय प्राण्यासाठी एवढी धर्मचर्चा कशाला? ह्या आक्षेपाला माझे उत्तर असे आहे. ह्या प्राण्याच्या प्रावाराच्या कडेवर शेकडो सूक्ष्म नेत्र असतात. वरून कोणाची सावली सरकली की तो शिंपा ओढून घेतो. प्रकाश कमी झाला हे त्याला कळते. आणि कळल्यावर करण्यासारखे एवढेच त्याच्या हाती आहे. दुःख म्हणून ज्यास आपण ओळखतो ते त्यास होते की नाही ह्याचा निकाल मी देत नाही, पण त्याचे हित आणि अहित आहे, ते प्रकाशाच्या मात्रेशी निगडित आहे, आणि ती मात्रा ठरविण्याचा संपूर्ण अखत्यार दुसऱ्याच्या हाती गेला आहे, ह्या तीन गोष्टी निर्विवाद आहेत. कर्तव्य उत्पन्न होण्यास तेवढे मला पुरेसे वाटते. शिवाय ज्याची तक्रार ऐकू येत नाही त्याच्याशीच वागताना आपल्या धर्मबुद्धीची खरी परीक्षा होते. ज्यांची तक्रार ऐकू येते त्यांच्या बाबतीत निम्मे काम भीतीनेच होऊन जाते.

आपल्या देशात मात्र हा प्रश्न व्यक्तिगत पेटीपुरता उरत नाही, आणि उरू नये असेच मला वाटते. लक्षद्वीपच्या प्रवाळद्वीपांभोवतालच्या उथळ पाण्यात ट्रायडॅक्ना मॅक्सिमा नैसर्गिकरीत्या आढळतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे आणि त्याच्या आणखी दोन भाऊबंदांचे नाव आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्याला. ह्या तरतुदीस माझा मनःपूर्वक पाठिंबा आहे. जेथे कायदेशीर संवर्धनगृहे आहेत तेथे, पुरेसे मोजमाप करून आणि प्राण्याच्या दीर्घ आयुष्याचा हवाला घेऊन, कोणी असा शिंपला पाळला तर मी त्यास दोष देणार नाही. भाच्याला मी तसेच सांगितले. त्याने परत गेल्यावर मोजणीचे उपकरण भाड्याने आणले, शिंपला ठेवावयाच्या वाळूवर 90 आणि वरच्या दगडावर 260 असे आकडे त्यास मिळाले, आणि त्याने मॅक्सिमाचा नाद सोडून डेरासाचा विचार सुरू केला आहे. आपल्यानंतर पेटी कोणी सांभाळावी ह्याची लेखी व्यवस्था केल्याखेरीज तो आणू नको, असेही मी त्यास बजावले. कारण हे प्राणी कित्येक दशके जगतात. बाबांनी 15 ऑक्टोबर 1918 रोजी देह ठेवला तरी धुनी आजही पेटती आहे, आणि त्यामागे श्रद्धेइतकाच 1922 साली स्थापन झालेल्या संस्थानच्या कारभाराचा, म्हणजे लाकडांच्या खरेदीचा, पाळीच्या माणसांचा आणि हिशेबाच्या दप्तरांचा हात आहे.

परंतु समुद्रात राहणाऱ्या शिंपल्याचा दिवा आपल्या हाती नाही, असे समजून आपल्याला आता मोकळे होता येत नाही. 1998, 2010 आणि 2016 ह्या वर्षी समुद्राचे पाणी असाधारण तापल्यामुळे लक्षद्वीपच्या प्रवाळांचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले. म्हणजे शिंपल्याच्या प्रावाराप्रमाणेच ते पांढरे पडले, कारण तापलेल्या पाण्यात नेहमीचाच सूर्यप्रकाश त्यांच्यातील शैवालाला असह्य होतो. सूर्य तोच होता. पाणी मात्र ज्या उष्णतेने तापले, तिच्यात आपल्या चिमण्यांच्या आणि गाड्यांच्या धुराचा वाटा आहे, आणि म्हणून पर्जन्याचा तो दृष्टान्त आपल्याला तेथेही पूर्वीइतका निःशंकपणे वापरता येणार नाही. आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर मालवणचे सागरी अभयारण्य 1987 पासून आहे; किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारा अँग्रिया बँक हा बुडीत उंचवटा आहे, जेथे सुमारे वीस मीटर आणि त्याहून खोल पाण्यात प्रवाळ वाढतात, ते केवळ पाणी नितळ असल्यामुळे. किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यात तेवढ्या खोलीवर उजेड पोचत नाही. गाळ उपसणारे, भराव घालणारे, बंदर बांधणारे प्रत्येक काम पाण्याची ही नितळता कमीजास्त करते, म्हणजेच तळाशी बसलेल्या जीवांच्या डोक्यावरचा दिवा मंद किंवा तेज करते. अशा कामाच्या परवानगीचा अर्ज कचेरीत येतो तेव्हा त्याला खर्चाचे, रोजगाराचे आणि मासेमारीच्या नुकसानभरपाईचे तक्ते जोडलेले असतात, आणि ते असावेतच. त्यांच्या जोडीला आणखी एक तक्ता अनिवार्य करावा असे माझे निश्चित मत आहे. काम सुरू होण्यापूर्वी वर्षभर, पावसाळा धरून, त्या जागी समुद्रतळावर प्रकाशाचे किती मायक्रोमोल पोचत होते, कामाच्या काळात किती पोचतील, आणि ते आकडे खाली उतरले तर काम किती दिवसांत आणि कोणाच्या हुकुमाने थांबविले जाईल, एवढी तीन कलमे त्यात असली म्हणजे पुरे.